लिंकनची शेळी आणि हेडमास्तरांची भिंत

हेडमास्तरांच्या खोलीत काय असतं, हे महाराष्ट्रात डोळे मिटून सांगता येतं. टेबलावर काच, काचेखाली सुट्ट्यांची यादी. एक लोखंडी कपाट. त्याची किल्ली ज्यांच्याकडे असते ते नेमके रजेवर. महापुरुषांच्या तसबिरी, त्यांच्या गळ्यात मागच्या जयंतीचे हार. पटाचा फळा : मुलगे इतके, मुली इतक्या, आणि एकूण खोडून पुन्हा लिहिलेलं. शिवाय खुर्चीच्या बरोब्बर मागे, काचेत बसवलेलं, कोपऱ्यात गुलाबाचं चित्र असलेलं, माझ्या मुलाला काय काय शिकवा हे सांगणारं अब्राहम लिंकनचं हेडमास्तरांस पत्र.

मुंबईची लोकल डहाणू रोडला येऊन थांबते. हे पत्र थांबत नाही. ते चिकूच्या वाड्या ओलांडून घोलवड-बोर्डीला जातं, डोंगराच्या बाजूनं आश्रमशाळांत शिरतं, तलासरी गाठतं आणि पार अच्छाडपर्यंत, जिथे महाराष्ट्र संपून गुजरात लागतो, तिथवर सापडतं. ज्या पाड्यावर पावसाळ्यात पोस्टमन पोचत नाही, तिथेही हे एक पत्र पोचलेलं असतं.

त्याची जागा मात्र मला कायम गमतीची वाटत आली आहे. पत्र हेडमास्तरांना लिहिलेलं आणि टांगलंय त्यांच्या पाठीमागे. म्हणजे ज्याला लिहिलं तो सोडून बाकी सगळे ते वाचू शकतात. दाखल्यासाठी ताटकळणारा पालक वाचतो, खिचडीच्या तांदळाची पोती उतरवायला आलेला टेम्पोवाला वाचतो, तपासणीला आलेले साहेब चहा येईपर्यंत वाचतात. हेडमास्तर तेवढ्या वेळात जनगणनेचं, मतदारयाद्यांचं नाहीतर ऑनलाइन माहिती भरण्याचं काम करत असतात. लिंकननं त्यांच्याकडून ज्या ज्या अपेक्षा केल्या आहेत, त्यांतली एकही त्या ऑनलाइन तक्त्यात भरायला रकाना नाही.

शाळा-शाळांतल्या वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बसायची वेळ माझ्यावर अधूनमधून येते. निवृत्त माणूस, शर्ट इस्त्रीचा, वेळ भरपूर. एवढी पात्रता त्या कामाला पुरते. पाच सप्टेंबरच्या आसपास विषय कोणताही असो, मुलं येतात ती लिंकनचं पत्र घेऊनच. 'माझे आवडते शिक्षक' म्हणून सुरू झालेलं भाषण तिसऱ्या वाक्याला लिंकनच्या गाडीत बसतं आणि टाळ्यांच्या स्टेशनावर उतरतं. तलासरीकडच्या एका शाळेत एका चुणचुणीत वारली मुलीनं ते सगळं हातवाऱ्यांसह, एकही अडखळ न घेता म्हटलं. बक्षीस तिचंच होतं. देताना मी विचारलं, "बाळ, लिंकन कोण होते गं?" तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "पालक होते, सर."

यापेक्षा अचूक उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. कारण त्या पत्रापुरता लिंकन तेवढाच आहे. एका मुलाचा बाप.

आता जरा अवघड बोलायचं आहे. हे पत्र लिंकननं लिहिलेलं नाही.

लिंकनच्या लेखनाचा आठ खंडांचा संग्रह १९५३ साली अमेरिकेत निघाला. त्यात भाषणं आहेत, युद्धातले हुकूम आहेत, तारा आहेत, अमक्याला भेटा, तमक्याला नोकरी द्या अशा दोन-दोन ओळींच्या चिठ्ठ्यासुद्धा आहेत. हे पत्र नाही. त्याचं मूळ हस्तलिखित कुणी पाहिलेलं नाही, कोणत्या हेडमास्तरांना लिहिलं त्यांचं नाव नाही, तारीख नाही. साध्या रजेच्या अर्जावर तारीख नसेल तर आमच्याकडे तो परत येतो.

घरची परिस्थिती बघितली तरी ते जुळत नाही. लिंकनला चार मुलगे. एडी चौथ्या वाढदिवसाआधीच गेला. विली अकराव्या वर्षी, १८६२ मध्ये, व्हाइट हाउसमध्येच तापानं गेला. थोरला रॉबर्ट एक्झिटर नावाच्या गावी शिकायला गेला खरा, पण तेव्हा तो सोळा वर्षांचा बाप्या होता. त्याला पक्षी आणि फुलं दाखवा असं मास्तरांना सांगायची वेळ टळून गेली होती. उरला धाकटा टॅड. वडील असेपर्यंत तो शाळेतच गेला नाही. त्याला शिकवायला मास्तर घरी यायचे आणि थोड्या दिवसांत वैतागून जायचे. वडिलांचा खून झाला तेव्हा टॅड बारा वर्षांचा होता आणि त्याला धड वाचता येत नव्हतं. स्वतः लिंकनची सगळी शाळा मिळून वर्षभराची भरत नव्हती. हे त्यानंच १८६० च्या निवडणुकीच्या वेळी स्वतःची माहिती देताना लिहून ठेवलंय. आमच्या सर्वेक्षणात बाप आणि धाकटा लेक, दोघांची नोंद 'शाळाबाह्य' अशी झाली असती आणि दोघांना शोधायला मास्तरांना उन्हात पाठवलं असतं.

मग हे आलं कुठून? इंग्रजीत ते कुणाच्या तरी हातून तयार झालं आणि लिंकनच्या नावावर फिरत राहिलं. मराठीत त्याला काव्यरूप दिलं वसंत बापटांनी, आणि मराठीपुरती खरी गोष्ट तिथेच सुरू होते. बापट राष्ट्र सेवा दलातले, साने गुरुजींच्या मुशीतले, प्राध्यापक, आणि मंचावरून कविता म्हणण्यात हातखंडा असलेले. विंदा आणि पाडगावकर या कवींसोबत त्यांनी गावोगाव कवितावाचनं केली. 'उंबरठा' चित्रपटातली प्रार्थना त्यांचीच. १९९९ साली मुंबईच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. शब्द कानाला कसा लागतो आणि छातीत कुठे जाऊन बसतो, हे ओळखणारा माणूस. भिंतीवर टिकलं ते त्यांचं मराठी. पण तसबिरीखाली लिंकनचं नाव ठळक आणि बापटांचं बारीक. पुष्कळ ठिकाणी गुलाबाच्या पाकळीनं तेही झाकलेलं.

अमेरिकनांना या बाबतीत आपण नावं ठेवायचं कारण नाही, आणि त्यांनीही आपल्याला ठेवू नयेत. जॉर्ज वॉशिंग्टननं लहानपणी चेरीचं झाड तोडलं आणि वडिलांपाशी खरं कबूल केलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेली. वीम्स नावाच्या एका पाद्रीबुवांनी वॉशिंग्टनचं चरित्र लिहिलं. त्याच्या १८०६ च्या आवृत्तीत ही गोष्ट पहिल्यांदा उगवली. तिला दुसरा पुरावा नाही. कधीही खोटं बोलू नये हे मुलांना पटवण्यासाठी पाद्रीबुवांनी एक थाप मारली आणि ती दोनशे वर्षं चालली. बेंजामिन फ्रँकलिन तर सोळाव्या वर्षी, १७२२ मध्ये, स्वतःच्या भावाच्या वर्तमानपत्राला एका प्रौढ विधवेच्या नावानं पत्रं पाठवायचा. रात्री छापखान्याच्या दाराखालून सरकवायचा. चौदा पत्रं छापून येईपर्यंत भावाला पत्ता नव्हता. पुढे हाच फ्रँकलिन तिकडच्या टपालखात्याचा पहिला प्रमुख झाला. चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात ते बहुधा हेच, फक्त या चोरानं खातं उत्तम चालवलं.

टपालाशी लिंकनचंही नातं होतं. १८३३ ते १८३६ तो न्यू सेलम नावाच्या एका खेड्यात पोस्टमास्तर होता. गाव केवढं, तर कचेरी चालवण्याइतकी पत्रंच यायची नाहीत. आलेलं पत्र तो आपल्या उंच टोपीत ठेवायचा आणि गावात फिरता फिरता ज्याचं त्याला द्यायचा. दुसऱ्यांची वर्तमानपत्रं आली की आधी स्वतः वाचून काढायचा. डहाणू तालुक्यातल्या कुठल्याही शाखा डाकघरात हा माणूस रुजू झाला असता तर कुणाला वेगळं काही वाटलं नसतं. टोपीऐवजी डिकी, एवढाच फरक.

आणि गंमत अशी, की लिंकननं खरोखर लिहिलेली पत्रं या नकली पत्राहून कितीतरी जिवंत आहेत. मला सगळ्यांत आवडतं ते शेळीचं.

ऑगस्ट १८६३. गेटिसबर्गची घनघोर लढाई होऊन जेमतेम महिना झालेला. देश दुभंगलेला, रोज मेलेल्यांच्या याद्या येतायत. टॅड आईबरोबर बाहेरगावी गेलेला आणि त्याच्या पाळलेल्या शेळ्या बापाच्या जिवावर मागे ठेवलेल्या. लिंकन बायकोला लिहितो की लाडक्याला सांग, बिचारी नॅनी शेळी हरवली आहे. मग सविस्तर अहवाल. तुम्ही निघालात त्या दिवशी ती टॅडच्या पलंगावर मधोमध बसून रवंथ करताना सापडली. माळी तक्रार करत होता की ही फुलं खाते. म्हणून तिला आणून व्हाइट हाउसपाशी ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी गायब. अजून पत्ता नाही. पुढच्या वर्षी बाईसाहेब न्यूयॉर्कला असताना त्यानं तार केली. टॅडला निरोप होता : शेळ्या आणि बाबा दोघंही मजेत, विशेषतः शेळ्या.

आता हे पत्र तलासरीच्या वर्गात वाचून दाखवा. तळटीप लागणार नाही. शेळी हरवणं म्हणजे काय, हे त्या वर्गातल्या निम्म्या पोरांना लिंकनपेक्षा जास्त माहीत. कुणाच्या वाडीत शिरली असेल, कुणी बांधून घातली असेल, वाघरानं उचलली असेल, संध्याकाळी घरी काय ऐकावं लागेल; सगळं त्यांना पाठ. राष्ट्राध्यक्षाच्या घरीसुद्धा माळ्याची आणि शेळीची भांडणं होतात, हे कळलं की अमेरिका एकदम सीमेवरच्या झाई गावाच्या पलीकडे आल्याचा भास होईल.

या भागानं तर शेळ्यांमागून शाळा नेलेली आहे. ताराबाई मोडक १९४५ साली बालशिक्षणाच्या कामासाठी बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येईनात, कारण मुलांकडे गुरं-शेळ्या सांभाळायचं काम होतं. मग बाईंनी पोरांना नावं ठेवली नाहीत. शाळाच कुरणावर नेली. तिचं नाव कुरणशाळा. गुरं चरतायत, पोरं त्यांच्याकडे एक डोळा ठेवून शिकतायत. बालवाडी आपण होऊन पाड्याच्या अंगणात गेली, तिची अंगणवाडी झाली. आज देशभर हा शब्द सरकारी कागदावर आहे आणि तो कुठून निघाला हे फार थोड्यांना ठाऊक आहे. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल, मुलाला शिकवा म्हणून हेडमास्तरांना साकडं घालण्यापेक्षा मुलगा आहे तिथे जाऊन बसणं किती कष्टाचं आहे. टॅडच्या पळपुट्या मास्तरांना कोसबाडला महिनाभर पाठवायला हवं होतं.

लिंकनचं दुसरं एक पत्र सावत्र भावाला. या जॉन जॉन्स्टननं ऐंशी डॉलर उसने मागितले होते. पूर्वीही मागितले होते, पुढेही मागणार हे उघड होतं. लिंकन लिहितो की तू आळशी नाहीस पण आळसात दिवस घालवतोस. मी पैसे देत नाही. तू कुणाकडे तरी मजुरीला जा. तू जेवढे डॉलर कमावशील, तेवढेच मी वरून देईन. ही आमची रोजगार हमीच झाली, तीही निम्म्या वाट्याची! तलासरीच्या माणसाला ही योजना समजावून सांगायला ग्रामसेवक लागणार नाही. मजुरी वेळेवर हातात पडेल का, एवढं एकच तो विचारील.

ग्रेस बेडेल ही अकरा वर्षांची मुलगी. १८६० मध्ये तिनं निवडणुकीला उभ्या असलेल्या लिंकनला कळवलं की तुमचा चेहरा फार बारका दिसतो, दाढी ठेवा. बायकांना दाढी आवडते, त्या नवऱ्यांच्या मागे लागतील. बायकांना तेव्हा तिकडे मत नव्हतं, पण नवऱ्यामार्फत मत देण्याची कला सर्वत्र होती. लिंकननं चार दिवसांत तिला उत्तर लिहिलं, आश्वासन मात्र दिलं नाही; आता दाढी ठेवली तर लोकांना सोंग वाटेल, असं त्याला वाटत होतं. मग ठेवलीच. १८६१ च्या फेब्रुवारीत राजधानीला जाताना तिच्या गावी गाडी थांबली, तेव्हा त्यानं गर्दीतून तिला शोधून काढलं आणि दाढी दाखवली. आमदाराला पत्र लिहून उत्तराची वाट पाहणाऱ्यांनी हे प्रकरण वाचू नये. उगाच मन खट्टू होतं.

पण शाळेच्या भिंतीवर लावायचंच असेल, तर लॅथमचं पत्र आहे.

जॉर्ज लॅथम हा रॉबर्टचा गावाकडचा मित्र. रॉबर्ट स्वतः हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेला पहिल्यांदा बसला तेव्हा सोळांपैकी पंधरा विषयांत नापास झाला होता. (हे आमच्या वक्तृत्व स्पर्धेत कुणी कधी सांगत नाही.) वर्षभर एक्झिटरला घासून तो १८६० मध्ये पास झाला, लॅथम मात्र आपटला. लिंकन तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार. दारात माणसांची रीघ. त्यातून वेळ काढून त्यानं २२ जुलै १८६० ला या दुसऱ्याच्या पोराला पत्र लिहिलं. एकदा हात घातलाय तर आता यश मिळवायचंच, हे पहिलं. दुसरं, जास्त महत्त्वाचं : आज नापास झालास म्हणून तू, सहज आत गेलेल्या पोरांपेक्षा पुढे चांगला विद्वान किंवा यशस्वी माणूस होणार नाहीस, याला काडीचाही पुरावा नाही. वकील माणूस. पुराव्यानिशी बोलला.

दहावीच्या निकालाच्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी सायबर कॅफेच्या बाहेर उभी असलेली मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे पत्र कुठे लावायचं ते सांगायला नको. भिंतीवरचं नकली पत्र मुलाला हरायला शिकवा म्हणून मास्तरांना सांगतं. हे पत्र हरलेल्या मुलाशी बोलतं. हेडमास्तरांना मध्ये घेत नाही.

कवितेच्या बाबतीतही नावाचा असाच घोळ झाला. लिंकन कविता करायचा. १८४४ मध्ये प्रचाराच्या निमित्तानं तो लहानपणच्या गावाकडे गेला आणि परत येऊन जुन्या आठवणींची, तिथल्या एका वेड्या झालेल्या बालमित्राची लांबलचक कविता त्यानं लिहिली. क्विन्सी गावच्या अँड्र्यू जॉन्स्टन नावाच्या स्नेह्याला पाठवली. त्यानं छापायची परवानगी मागितली, तर लिंकन म्हणाला, छापा, पण माझं नाव घालू नका. निनावीच छापली गेली. त्याच स्नेह्याला पत्रात त्यानं आणखी एका कवितेबद्दल खुलासा केला. विल्यम नॉक्स या स्कॉटिश कवीची मर्त्यपणावरची एक कविता लिंकनला इतकी आवडायची की तो ती सारखी म्हणून दाखवायचा. लोकांना वाटायला लागलं, त्याचीच आहे. लिंकननं लिहिलं, माझी नाही. कुणाची तेही मला माहीत नाही. पण इतकी चांगली कविता लिहिता येत असेल तर माझ्याजवळचं सगळं देईन आणि वर कर्जही काढीन.

म्हणजे बघा. स्वतःच्या कवितेवरून यानं नाव काढून घेतलं, दुसऱ्याच्या कवितेवर बसू पाहणारं नाव झटकलं, आणि ज्या मजकुराशी काही संबंध नाही तो शंभर-सव्वाशे वर्षांनी डहाणूत याच्या नावानं फ्रेममध्ये बसला. माणूस हयात असता तर खुलासा नक्की पाठवला असता. टोपीतून.

याच्या उलटही घडतं, आणि ते जास्त टोचतं. लिंकनच्या आधीच्या शतकात बॉस्टनमध्ये फिलिस व्हीटली नावाची मुलगी होती. आफ्रिकेतून पकडून आणलेली, सात-आठ वर्षांची असताना विकलेली. ती इंग्रजी शिकली, कविता करू लागली. तिचं पुस्तक १७७३ मध्ये लंडनला निघालं, तेव्हा त्याच्या आरंभी एक प्रमाणपत्र छापावं लागलं : या कविता हिनंच लिहिलेल्या आहेत अशी आमची खात्री आहे. खाली अठरा प्रतिष्ठित गोऱ्या पुरुषांच्या सह्या, गव्हर्नरासकट. दोन वर्षांनी तिनं जनरल वॉशिंग्टनला त्याच्यावर रचलेली कविता पाठवली. त्यानं उत्तर दिलं, आणि उशिराबद्दल माफीही मागितली.

तलासरी-डहाणूच्या माणसाला हे प्रमाणपत्राचं प्रकरण नवं नाही. जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वनहक्काच्या दाव्याला पूर्वापार कसत असल्याचा पुरावा. ज्या डोंगरात आजा-पणजा गेला, त्या डोंगरात आपण राहतो हे सिद्ध करायला चार सह्या आणा. लिंकनच्या नावावरच्या पत्राला मात्र आजवर कुणी एक साधा दाखला मागितलेला नाही. कुणाच्या शब्दाला कागद लागतो आणि कुणाच्या नाही, हे ठरवणारी तहसील कचेरी वेगळीच असावी. इकडे वारल्यांच्या लग्नात धवलेरी रात्र रात्र गाणी गाते. ती गायल्याशिवाय लग्न लागत नाही. ती कुणाची रचना, हे मांडवात कुणी विचारत नाही आणि तीही सांगत नाही. पण ती गाणी तिच्या तोंडची आहेत यात कुणाला शंका नसते.

अमेरिकेशी आपला खरा पत्रव्यवहार झालेला आहे. एकतर्फी, पण खरा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी काळ्या गुलामांना मुक्त केलं. ते उदाहरण आपल्या देशबांधवांनी गिरवावं, शूद्रांना गुलामीतून सोडवावं, अशी इच्छा तिथे त्यांनी बोलून दाखवली. पुण्यातल्या माणसानं समुद्रापलीकडच्या, न पाहिलेल्या लोकांना पाठवलेलं ते पत्रच होतं. त्यावर तारीख आहे, सही आहे, पत्ता आहे. पोच आली नाही.

तिकडची गुलामी कायद्यानं १८६५ च्या डिसेंबरात संपली. इकडे तलासरी-उंबरगावच्या रानात लग्नगडी होते. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी जन्मभर त्याच्या घरी राबायचं. वर वेठ वेगळी. २३ मे १९४५ ला झरी गावी हजारो वारली जमले. त्यांना संघटित करणारे गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथे होते. वेठ करायची नाही, बारा आणे रोजाशिवाय जमीनदाराच्या शेतात पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. लग्नगडी मात्र सुटले. 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात गोदावरीबाईंनी ते सगळं लिहिलंय. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. आज तलासरीचं महाविद्यालय त्यांच्या नावाचं आहे. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेला पोच देणारं कुणी असेल, तर ते अमेरिकेत नव्हतं. झरीला होतं. यायला बहात्तर वर्षं लागली, पण आमच्याकडचं टपाल तसंही सावकाशच.

एवढा मजकूर हाताशी असताना आपण भिंतीवर ज्याचा कर्ताच सापडत नाही ते पत्र टांगतो, याचं मला नवल वाटतं. राग मात्र येत नाही. पत्र वाईट नाही. त्यानं कुणाचं नुकसान केलेलं नाही. त्या वारली मुलीला पहिलं बक्षीस मिळालं ते त्याच्याच जोरावर. शिवाय हेडमास्तरांना पालकांकडून येणारी पत्रं कशी असतात, हे एका मास्तरांनी मला दाखवलं होतं. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हाची चिठ्ठी. बापाचा अंगठा, मजकूर दुसऱ्या कुणाच्या हातचा. पोराला बरोबर नेतो आहे, मागे ठेवायला कुणी नाही. पावसाच्या आधी आणतो. नाव काढू नका. मास्तरांनी नाव काढलं नव्हतं. हे बापाचं हेडमास्तरांस पत्र, चार ओळींचं, अलंकार नाही. तारीख होती.

तेव्हा डहाणू-तलासरीच्या समस्त हेडमास्तरांना एक विनंती. फ्रेम उतरवू नका; खिळा निघाला की गिलावा पडतो आणि त्याची दुरुस्ती कोणत्या लेखाशीर्षात घालायची यावर सहा महिने जातात. फक्त खालच्या लिंकनच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवा आणि ठळक अक्षरांत लिहा, 'वसंत बापट'. वर्गात, दहावीच्या निकालाआधी, लॅथमचं पत्र आपल्या मराठीत लिहून लावा. लहान वर्गांना शेळीची गोष्ट सांगा. लिंकन हवाच असेल तर तो असा भेटू दे. आणि एवढं करूनही तुमच्या खुर्चीमागे जागा उरली, तर शाळेचं वेळापत्रक लावा. ते तरी नक्की हेडमास्तरांनीच लिहिलेलं असतं.